बेरीज जुळली, पोरगं राहिलं

बँकेत चेक पास करायचा म्हणजे काय करायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तारीख बघायची, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का ते बघायचं, सही ताडायची, खात्यात शिल्लक आहे का ते पाहायचं. चारही गोष्टी ठीक असल्या की चेक पास. तो कोणी, कोणाला, का दिला आणि देताना त्याच्या पोटात कालवलं का, हे बघणं आमचं काम नाही. अलीकडे आमच्या क्लार्क या पदाला 'ग्राहक सेवा सहयोगी' असं भारदस्त नाव मिळालं आहे. पण नाव लांबलं म्हणून काम बदललं नाही, आणि पगारही नावाच्या प्रमाणात लांबलेला नाही.

हे सांगायचं कारण, गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीने मला चेकऐवजी एक सिनेमा पास करायला दिला.

आमची सोसायटी डोंबिवलीत आहे. नाताळच्या सुट्टीत मुलं जिन्यात क्रिकेट खेळतात आणि दर वर्षी एक ट्यूबलाइट व एक सभासद जखमी होतो. यावर उपाय म्हणून सेक्रेटरींनी ठराव मांडला की २५ तारखेला संध्याकाळी गच्चीवर पडदा लावून मुलांना एखादा विनोदी सिनेमा दाखवावा. कोणता, असं मुलांना विचारलं. मुलांनी एका आवाजात 'होम अलोन' मागितला. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. सर लगेच म्हणाले, "नावातच घोटाळा आहे. घरात पोरगं एकटं! इथून पुढे चांगलं काय होणार?"

झालं. सिनेमा लहान मुलांना योग्य आहे की नाही, हे ठरवण्यासाठी उपसमिती नेमली गेली. मी खजिनदार असल्यामुळे तिच्यात आपोआप आलो. बँकेतला माणूस सोसायटीत राहायला आला की त्याचं सामान वर चढायच्या आत त्याला खजिनदार करून टाकतात. चेअरमन म्हणाले, "बँकवाले, आधी तुम्ही बघा आणि रिपोर्ट द्या. तपासायची तुम्हाला सवय आहे."

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चित्र १९९० सालचं. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, लेखक जॉन ह्यूज. शिकागोजवळच्या एका सुखवस्तू उपनगरातलं भलंमोठं कुटुंब नाताळसाठी पॅरिसला निघतं. आदल्या रात्री पिझ्झ्यावरून भांडण होतं, आठ वर्षांच्या केव्हिनला शिक्षा म्हणून माळ्यावर झोपायला पाठवतात, आणि सकाळी उशीर झाल्याच्या धांदलीत त्याला तिथेच विसरून सगळी वरात विमानतळावर जाते. मग आत केव्हिन एकटा आणि बाहेर टपलेले दोन चोर. त्या चोरांची तो जी दशा करतो ती बघायला अख्खं जग लोटलं. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून काढलेल्या या सिनेमाने ४७ कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. मुदत ठेवीवर इतका परतावा मिळायला किती पिढ्या थांबावं लागेल याचा मी हिशेब सुरू केला होता, पण सौ. म्हणाली, "अहो, सिनेमा बघा."

केव्हिन झालेला मॅकॉले कल्किन १९८० चा आणि मीही १९८० चाच. सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघंही दहा वर्षांचे होतो. तो त्या वर्षी जगप्रसिद्ध झाला, मी स्कॉलरशिपच्या परीक्षेत नापास झालो. तेव्हापासून माझं त्याच्याशी थोडं वैर आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवूनच पुढचं वाचावं.

रात्री सगळे झोपल्यावर मी वही घेऊन बसलो. वहीत खाती पाडली होती: मारामारी, अपशब्द, व्यसन, अश्लीलता, इतर. सर्व खात्यांवर भराभर नोंदी पडू लागल्या. बर्फ झालेल्या पायऱ्यांवरून चोर घसरतो: मारामारी. कपडे खाली टाकायच्या नळातून इस्त्री येऊन तोंडावर बसते: मारामारी. डोक्यावर भडका, अनवाणी पायाखाली खिळा, चेहऱ्यावर भलाथोरला कोळी: मारामारी, मारामारी, इतर. मोठ्या भावाच्या पेटीत उघड्या बायकांचं मासिक सापडतं. केव्हिन ते चाळून नाक मुरडतो आणि ठेवून देतो. ते अश्लीलतेच्या खात्यावर टाकलं, पण नाक मुरडलं म्हणून अर्धीच रक्कम धरली. दोरीला बांधलेले रंगाचे डबे झुलत येऊन चोरांच्या थोबाडावर बसले, तिथे मात्र माझा हिशेब चुकला. कारण मी तोंडात उशी कोंबून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी उपसमिती बसली. मी वही वाचून दाखवली. वाचून दाखवलेली इस्त्री बघितलेल्या इस्त्रीपेक्षा फार जोरात लागते, हे मला तेव्हा कळलं.

सर म्हणाले, "म्हणजे हा मुलगा मोठ्या माणसांना मारतो."

मी म्हटलं, "सर, ते चोर आहेत."

"पण वयाने मोठे आहेत की नाही?"

चेअरमन सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा प्रश्न साधा होता. सर्टिफिकेट कोणतं? त्यांचा असा ठाम समज की कागदावर शिक्का असला की पुढची जबाबदारी शिक्का मारणाऱ्याची. मी माहिती काढून नेली होती. आपल्याकडे १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात 'यू' आणि 'ए' असे दोनच वर्ग होते. एक तर सगळ्यांनी बघा, नाहीतर फक्त प्रौढांनी. मधल्यांची सोय १९८३ साली झाली, 'यूए' आलं. त्याच वर्षी सेन्सॉर बोर्डाच्या नावातून सेन्सॉर गेला आणि प्रमाणन आलं, लोकांच्या तोंडातून मात्र तो अजून गेलेला नाही. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चेही तीन तुकडे पडले: ७, १३ आणि १६ वर्षांचे. अमेरिकेत 'होम अलोन'ला 'पीजी' मिळालं, म्हणजे आईबापांनी आपलं डोकं वापरावं.

"आईबापांनी?" चेअरमन दचकले. "मग सर्टिफिकेट कशाला?"

या 'पीजी'चीही एक गंमत आहे. १९८४ साली तिकडे 'ग्रेमलिन्स' नावाचा नाताळातलाच एक सिनेमा आला. जाहिरातीत गोंडस केसाळ प्राणी, म्हणून आईबाप पोरं घेऊन गेले; आत त्याच प्राण्यांची पिल्लं गावभर धुमाकूळ घालतात आणि त्यातलं एक मिक्सरमध्ये जातं. 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' हाही त्याच वर्षीचा. त्यात तर छातीतून काळीज उपसतात. दोन्ही 'पीजी'. ओरड झाली आणि १ जुलै १९८४ पासून तिकडे 'पीजी-१३' हा नवा शिक्का सुरू झाला. त्या 'ग्रेमलिन्स'ची पटकथा लिहिली होती ख्रिस कोलंबस यांनीच. ज्यांच्या लेखणीमुळे नवा शिक्का करायची पाळी आली, त्यांनीच सहा वर्षांनी जुन्या शिक्क्यात बसणारा घरगुती सिनेमा काढला. माणूस सुधारतो तो असा.

चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी मध्यममार्ग काढला. रिमोट हातात ठेवावा आणि वाईट तेवढं पुढे ढकलावं. इस्त्री ढकलावी, भडका ढकलावा, खिळा, कोळी, मासिक आणि छर्ऱ्याची बंदूक ढकलावी. मी वहीत वजाबाकी केली. कुटुंब विमानात चढतं आणि विमानातून उतरतं, एवढंच शिल्लक राहिलं. हा सिनेमा झाला नाही, प्रवासवर्णन झालं. शिवाय पुढे ढकलण्याचा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे. ढकलणारा नेमका मधला निरुपद्रवी भाग पळवतो आणि जिथे थांबतो तिथे बरोब्बर ते दृश्य असतं.

एक तरुण बापही समितीत होते. ते म्हणाले, "सोडा हो. आपण लहानपणी काय काय पाहिलं, आपल्याला काय झालं?" हे बोलताना त्यांनी मोबाइलवरून मान वर केली नव्हती. त्यांना काय झालं, ते मी सभ्यपणामुळे सांगितलं नाही.

एकमत होईना. शेवटी मीच म्हटलं, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, नेमका केव्हिनच्या वयाचा. त्याला दाखवतो आणि त्याच्यावर काय परिणाम होतो ते बघतो. सरांनी परवानगी दिली. दुसऱ्याच्या पोरावर प्रयोग करायला शिक्षणक्षेत्राची कधीच हरकत नसते.

रविवारी दुपारी चिरंजीवांना शेजारी बसवलं. इस्त्री पडली, तो हसला. भडका उडाला, तो गादीवर लोळला. रंगाच्या डब्यांना आम्ही दोघंही लोळलो. शिव्यांचं म्हणाल तर चोरांपैकी एक जो पेशी. याच माणसाने त्याच १९९० साली 'गुडफेलाज'मध्ये गुंडाचं काम केलं आणि त्याबद्दल ऑस्कर घेतलं. तिथे त्याच्या तोंडी असलेली भाषा इथे आली असती तर सोसायटीची गच्ची कोसळली असती. इथे तो संतापला की दातओठ खाऊन नुसतं अगम्य पुटपुटतो. आमच्या शाखेत महिनाअखेरीला यापेक्षा स्पष्ट बोलतात.

पण दोन ठिकाणी तो हसला नाही. विमान आकाशात आहे, आईला सारखं वाटतंय की आपण काहीतरी विसरलोय. नवरा म्हणतो, गॅरेजचं दार लावायचं राहिलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या गाडीत बसल्यावर गॅसचा नॉब आठवतो, तसंच. आणि एकदम तिला मुलगा आठवतो आणि ती किंचाळते. इथे मी हसलो. चिरंजीव नाही. दुसरं ठिकाण म्हणजे केव्हिन रस्त्यावरच्या सांताक्लॉजला जाऊन सांगतो की मला भेटवस्तू नको, माझ्या घरचे परत दे. तेव्हा चिरंजीव गादीवरून सरकत सरकत माझ्या मांडीपर्यंत आले. माझ्या वहीत 'सरकला' असं खातं नव्हतं. मी नोंद केली नाही.

रात्री अंथरुणावर त्याने विचारलं, "बाबा, त्यांनी निघताना मुलं मोजली होती ना?"

"मोजली होती."

"मग कशी चुकली?"

हा प्रश्न वाणिज्य शाखेचा असल्यामुळे मला आनंद झाला. मी सांगितलं की मोजणारी बरोबरच मोजत होती, पण शेजारचा एक मुलगा सामानात डोकं घालून उचकापाचक करत उभा होता, तोही मोजला गेला. आपला एक कमी, परका एक जास्त, बेरीज जुळली. ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे वह्या बरोबर आहेत असं होत नाही, हे बी. कॉम.च्या पहिल्याच वर्षी शिकवतात. एक चूक दुसऱ्या चुकीला भरून काढते आणि दोन्ही लपतात.

"म्हणजे कोणालाच कळलं नाही?"

"विमानात आईला कळलं ना."

"पण तोपर्यंत?"

मी म्हटलं, "झोप आता. उद्या शाळा आहे."

मंगळवारी आमच्या शाखेत सर्व्हर बसला आणि मी पहिल्यांदाच नोकरीच्या कारणाने लवकर घरी आलो. किल्लीने दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि पुढच्या क्षणी मला घराचं छत दिसलं. छताला जळमटं झाली होती. दारामागे पाच-पन्नास गोट्या व्यवस्थित पसरून ठेवलेल्या होत्या. चिरंजीवांनी आजोळी जिंकलेल्या. सिनेमात त्या जागी खेळण्यातल्या मोटारी असतात. पडल्या पडल्या माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की सर बरोबर म्हणत होते. मोठ्या माणसांना मारतो! वहीत 'अनुकरण' नावाचं नवं खातं उघडून पूर्ण रक्कम टाकायची, सिनेमा नामंजूर.

चिरंजीव आतून धावत आले आणि मला पाहून रडायलाच लागले. मला लागलं म्हणून नव्हे, तो म्हणाला, "मला वाटलं चोर."

कमरेला शेक घेत मी चौकशी केली. "हे त्या सिनेमात बघून केलंस ना?"

"गोट्या सिनेमात बघून. आधी खुर्ची लावायचो."

"आधी म्हणजे?"

"रोज. पण खुर्चीने फरशीवर चरे पडतात आणि तुम्ही ओरडता. गोट्यांनी चरे पडत नाहीत."

वाचकहो, दारापाशी फरशीवर चरे पडले होते खरे. मी त्याबद्दल दोनदा ओरडलोही होतो. आता आमच्या घरची व्यवस्था सांगायला हवी. आम्ही दोघंही नोकरी करतो. सौ. मुंबईत फोर्टला जाते, सकाळी गेलेली संध्याकाळी सातला लोकलमधून ज्या स्थितीत बाहेर पडते ती डोंबिवलीकरांना सांगायला नको. चिरंजीवांची शाळा सकाळची. ते साडेबाराला येतात, गळ्यातल्या किल्लीने दार उघडतात, डब्यातलं जेवतात आणि साडेसहापर्यंत अभ्यास करतात, असं आम्ही समजतो. आणि समोरच्या आजींचं लक्ष असतं. 'समोरच्या आजींचं लक्ष असतं' हे वाक्य आम्ही इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते आमचं सर्टिफिकेटच होतं.

"अरे, पण समोरच्या आजी असतात ना?"

"त्या कुठे असतात? त्या पुण्याला गेल्यात."

गेल्या होत्या खऱ्या. लेकीकडे. बारा दिवस झाले होते. जाताना आम्हाला सांगून गेल्या होत्या. संध्याकाळी सौ. आली. ती म्हणाली, "अहो, तळमजल्यावरच्या काकूंना तुम्ही सांगितलं होतंत ना?" मी म्हटलं, "तू सांगणार होतीस ना?" त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती मी लिहिणार नाही.

तिला वाटलं मी मोजलं, मला वाटलं तिने मोजलं. बेरीज जुळली होती. पोरगं बारा दिवस माळ्यावर होतं.

माझा रिपोर्ट आहे तो इथून पुढे. सभेत मी तो उभ्याने वाचला, कारण बसवत नव्हतं.

पहिला मुद्दा. सिनेमातले फटके मोजून सिनेमा पारखणाऱ्यांशी माझं भांडण आहे, आणि त्यांत मी स्वतः पहिला. पोराच्या मनातलं भय सिनेमाने घातलं नाही. ते आधीपासून खुर्ची लावून बसलं होतं. सिनेमाने त्याला फक्त गोट्या दिल्या. बापाच्या कमरेला काय वाटलं हा प्रश्न निराळा, पण या सिनेमामुळेच बापाला कळलं. ज्या दृश्याला आम्ही मोठे हसलो त्याला मूल हसलं नाही, आणि ज्याने आम्ही भ्यायलो तिथे ते गादीवर लोळलं. मुलाच्या वहीत खाती वेगळी असतात. आपण आपली खाती पाडून त्याचा हिशेब लिहितो आणि वर तो तपासून सहीसुद्धा करतो.

दुसरा मुद्दा चेअरमनसाहेबांच्या सर्टिफिकेटचा. शिक्का हवा. शिक्का नसेल तर 'ग्रेमलिन्स' होतो. पण शिक्का एवढंच सांगतो की सात वर्षांचं एक सर्वसाधारण मूल हे बघू शकेल. सर्वसाधारण मूल आमच्या सोसायटीत एकही राहत नाही. या सिनेमातही पॅरिसहून आई फोन करते, पोलिस घरी जातो, दार वाजवतो, कोणी उघडत नाही. घर ठीकठाक दिसतं, पोरं पुन्हा मोजून बघायला सांगा, असा निरोप देऊन तो निघून जातो. त्याचं काम चोख झालं. दारामागे पोरगं होतं एवढंच.

तिसरा मुद्दा 'आपण सगळं पाहिलं, आपल्याला काय झालं' म्हणणाऱ्यांचा. आपल्या गोष्टी काही कमी भयंकर नव्हत्या. म्हातारी लेकीकडे निघते आणि वाटेत वाघ, कोल्हा तिला खायला टपलेले असतात. कावळा आणि चिमणीच्या गोष्टीत पाहुण्याला चटका बसेपर्यंत मजल जाते. पण त्या ऐकताना आपण कुठे होतो? आजीच्या मांडीवर. वाघ आला की आजीचा हात पाठीवर यायचा. त्या गोष्टींना कुणी शिक्का मारला नव्हता. मांडी हेच सर्टिफिकेट होतं. आज गोष्ट तीच आहे, मांडी तेवढी काढून घेतली आहे आणि तिच्या जागी हातात मोबाइल ठेवला आहे. मग मूल बिघडलं की दोष गोष्टीला.

चौथा मुद्दा सिनेमाच्या बाजूने बोलून झाल्यावर त्याच्या विरुद्ध. सहाच्या आतल्या मुलांना हा सिनेमा एकट्याने दाखवू नये. कार्टूनमधलं मांजर चपटं होऊन पुन्हा फुगतं, ते चित्र आहे हे पोराला समजतं. इथे खरी हाडामांसाची माणसं आहेत. वरच्या मजल्यावरून सुटलेली इस्त्री खऱ्या माणसाच्या तोंडावर बसली तर तो कपाळावर ठसा घेऊन पुढच्या दृश्यात येत नाही, इस्पितळात जातो. गेला तर बरं. भडका, खिळा, घसरण्याच्या पायऱ्या हे सगळं घरात हाताशी असतं. माझी कंबर पुरावा म्हणून हजर आहे. तेव्हा मोठ्यांनी सिनेमा संपल्यावर हे मुलांना स्पष्ट सांगावं, आणि केव्हिनने अगदी शेवटी केलेली गोष्ट आधी सांगावी. चोर आला तर गोट्या टाकायच्या नाहीत, ११२ ला फोन करायचा. मुलांसाठी १०९८ वेगळा आहे. हे नंबर पाठ असलेलं मूल इस्त्री फेकणाऱ्या मुलापेक्षा शूर असतं, फक्त त्याच्यावर सिनेमा निघत नाही.

शिफारस: सिनेमा दाखवावा. अट एकच, प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस बसलं पाहिजे, मोबाइल खिशात ठेवून. मूल हसतं कुठे ते बघायची गरज नाही. सरकतं कुठे, ते बघावं.

ठराव एक विरुद्ध चार असा मंजूर झाला. तरुण बापाने विरोध केला. मुलांनी बघायला हरकत नाही, आपण बसायला हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

२५ तारखेला गच्चीवर सतरंज्या पडल्या. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि चोर जरा जाडे दिसायचे. सर नातीला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. रंगाचे डबे झुलत आले तेव्हा सगळ्यात मोठा आवाज त्यांचा होता. तरुण बापसुद्धा आले होते. त्यांची मुलगी त्यांच्या हाताला धरून बसली असल्यामुळे त्यांना मोबाइल काढता येत नव्हता.

संपल्यावर मी सरांना विचारलं, "काय सर, मोठ्या माणसांना मारलं की."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चोरांना मारलं ते ठीक. सुरुवातीला तो काका आठ वर्षांच्या पोराला सगळ्यांदेखत वाटेल ते बोलतो बघा, त्याला एक बसायला हवी होती." एवढी मोठी चूक माझ्या वहीतून सुटली होती. अपशब्दांच्या खात्यावर मी चोरांनाच धरलं होतं.

चिरंजीव हल्ली शाळेतून परस्पर तळमजल्यावरच्या काकूंकडे जातात. दीड वाजता त्यांचा आईला फोन असतो, चारला मला. गोट्या डब्यात आहेत. फरशीवरचे चरे तसेच आहेत. कारागीर बोलावून ते घासून घ्यावेत असं मी म्हणत होतो, पण सौ. म्हणाली, राहू देत.

त्या रात्री गच्चीवरून मुलं खाली उतरत होती तेव्हा खजिनदार या नात्याने मी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मोजत होतो. वर गेलेली एकतीस, खाली आलेली एकतीस. बेरीज जुळली. तरीही मी दोन जिने खाली धावत गेलो आणि प्रत्येकाचं तोंड बघून आलो.